हातमोजा बाहुली सारखी छताकडे बघते, काय चुकतंय?

डोंबिवलीची आजी:
बँकेतून रिटायर झाले आणि गेल्या महिन्यात बाहुलीनाट्याच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेले. वर्गात सगळ्यात म्हातारी मीच. पहिला दिवस रद्दी फाडण्यात गेला. पेपरचे तुकडे मैद्याच्या खळीत बुडवून चेंडूवर थर द्यायचे, मग नाक-हनुवटी. माझं नाक एवढं मोठं झालं की बाहुलीचं नावच नाकेकाकू पडलं. दुसऱ्या दिवशी झगा शिवला. तर्जनी डोक्यात, अंगठा आणि मधलं बोट हातांत. तिथे बरं जमत होतं हो.

घरी दोन खुर्च्यांना साडी बांधून, मागे बसून नातवासमोर खेळ केला. तो म्हणतो, "आजी, काकू पंख्याकडे का बघतायत? बंद पडलाय का?" कशीही धरली तरी वरच बघते. पाच मिनिटांत दंड भरून येतो आणि काकू हळूहळू साडीमागे बुडतात. त्यात परवा डोक्याला आतून बुरशी दिसली. कोणी सांगेल का?

बालवाडीताई:
आजी, तर्जनी सरळ वर उभी असेल तर बाहुली आभाळच बघणार. मनगट पुढे झुकवा, बोट पेरात जरासं वाकवा. नातू जमिनीवर आणि काकू साडीच्या वर, म्हणजे तिने खाली बघायला हवं. तुम्हाला मागून ती मान खाली घालून बसल्यासारखी वाटली, की समोरून बरोबर दिसते. समोर मोबाइल ठेवून शूटिंग करा, लगेच कळेल. गळ्याची नळी सैल असेल तर आत चिंधी कोंबा. दंडासाठी साडीच खाली बांधा, हात डोक्याच्या वर कशाला न्यायचा?

आणि जी बोलते तीच हलू दे. मी सुरुवातीला दोन्ही हात एकदम नाचवायचे. एका पोराने विचारलं, "बाई, नक्की कोण बोलतंय?"

कुडाळकर:
आमच्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळी गावच्या कळसूत्री बाहुल्यांचं उलटं. ती दोऱ्यांवर लोंबते, नवशिका दोरा उगाच ओढत राहतो, मग पाय जमिनीवरून सुटतात आणि मारुतीच्या आधी रामच उडायला लागतो! कोकणात आलात तर ठाकर समाजाची ही कला जरूर बघा. परशुराम गंगावणे यांना २०२१ची पद्मश्री मिळाली. त्यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलंय. कळसूत्री, चामड्याच्या बाहुल्या, चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी, सगळं तिथेच.

रद्दीबहाद्दर:
बुरशीचं कारण एकच, ओल्या थरावर थर. दोन थर, मग पंख्याखाली पूर्ण वाळवा, मगच पुढचे. आतला चेंडू काढल्याशिवाय आतली ओल जात नाही. खळीत मोरचूद घाला असं कोणी सांगेल, पण ते विषारी, घरात लहान मूल आहे, अजिबात नको. लवंग तेलाचे चार थेंब पुरतात. हे डोकं आतून मऊ पडलं असेल तर मोह सोडा, नवीन करा.

डोंबिवलीची आजी:
डोकं नवीन केलं, चार दिवस वाळवलं. नाक मात्र मुद्दाम तेवढंच ठेवलं. साडी वीतभर खाली आणली, मनगट झुकवलं. नातू थोडा वेळ गप्प बसला, मग आईच्या मागे जाऊन म्हणाला, "काकूंना सांग, माझ्याकडे नका बघू."