मदत हवी आहे: ४५ अंशांवर अँटेनाचा बीम घसरतो

५.८ गिगाहर्ट्झ, ८ पॅचचा (चपट्या अँटेनांचा) एका रांगेतला लिनियर ॲरे, दोन पॅचमधलं अंतर २५.९ मिमी (अर्धी तरंगलांबी), बीम वळवायला प्रत्येक चॅनलला ६-बिट फेज शिफ्टर. फोंड्यात गच्चीवर चाचणी, मोजणीचा हॉर्न अँटेना ४ मीटरवर. ३० अंशांपर्यंत सगळं चोख. ४५ ला बीम ४१ वरच अडतो, साइडलोब (मुख्य बीमच्या बाजूचे नको असलेले लोब) −१३ ऐवजी −९ डीबी. एलिमेंट पॅटर्नमुळे (एकट्या पॅचचं तिरक्या दिशेला कमी होणारं प्रसारण) अंश-दोन अंश घसरेल, पण चार?

आधी पावसाळी हवेवर संशय घेतला. कनेक्टर पुसले, टॉर्क रेंचने आवळले, फरक शून्य. कॅलिब्रेशन एकेक चॅनल चालू ठेवून केलंय. बंद चॅनल ५० ओमला टर्मिनेट होत नाहीत (म्हणजे त्यांच्यातली ऊर्जा शोषली न जाता परत फिरते), कपलिंगची, म्हणजे पॅचच्या एकमेकांवरील परिणामाची, गोम तिथेच असावी.

व्हीएनए (फेजही मोजणारा नेटवर्क ॲनालायझर) नाही, फक्त पॉवर मीटर आहे. आता आठही चॅनल चालू ठेवून एकेकाची फेज ० ते ३६० फिरवणार. तेव्हा हॉर्न समोरच ठेवायचा की ४५ अंशांवर न्यायचा?