प्लेगातली मुंबई आणि रोजची मजुरी

साथ आली की धंदा बसतो आणि कामगाराच्या हातात काहीच उरत नाही, असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला, लोक लाखांनी गावाकडे पळाले आणि गिरण्यांना माणसं मिळेनात. मग उरलेल्यांना धरून ठेवायला मालक रोजच्या रोज मजुरी देऊ लागले, नाक्यानाक्यावर चढी बोली लागली! एरवी महिना उलटला तरी पगार हातात पडत नसे.

शनिवार-रविवारी वाचायला इतिहासकार प्रशांत किदंबींचं ‘द मेकिंग ऑफ ॲन इंडियन मेट्रोपोलिस’ जरूर घ्या. प्लेगनंतर दाट वस्त्या सुधारायला नेमलेल्या १८९८ च्या सुधार ट्रस्टवर त्यात सविस्तर आहे. आणि जमलं तर संध्याकाळी प्रिन्सेस स्ट्रीटवर जाऊन उभे राहा. समुद्राची हवा दाट वस्तीत शिरावी म्हणून याच ट्रस्टने घरं पाडून काढलेला रस्ता आहे तो. मरीन लाइन्सकडचा वारा अजून अंगाला लागतो.