चेंडू सगळ्यात वर पोचतो तेव्हा त्वरण (वेग बदलण्याचा दर) शून्य का नसतं? मुलीला कसं समजावू, मदत हवी आहे

मुलगी नववीत आहे, गतीचे नियम धडा चालू आहे. चेंडू २० मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला, जी (गुरुत्वाकर्षणामुळे येणारं त्वरण) १० धरला तर २ सेकंदांत २० मीटर वर जातो आणि तिथे वेग शून्य, इथपर्यंत तिला नीट कळलं. पण ती म्हणते वेग शून्य म्हणजे त्वरणपण शून्यच ना बाबा! मी म्हटलं अगं तसं असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता, त्वरण तेव्हाही खालच्या दिशेने १०च असतं, पण तिला पटत नाहीये आणि नुसतं पाठ करून घेणं माझ्या जिवावर येतं. वेग-काळ आलेख काढून दाखवू का? की मोबाईलच्या स्लो मोशनवर घरी करता येईल असा काही प्रयोग आहे? शिकवणाऱ्यांनी प्लीज सांगा, सोमवारी टेस्ट आहे तिची.