उत्तर: गिटारच्या पेडलबोर्डसाठी (आवाज बदलणाऱ्या पेडलांच्या फळीसाठी) एकच अडॅप्टर पुरतो का?

‘डेझी चेन घ्या, पॉवर सप्लायवर पैसे घालवू नका’ हे वर आलेलं मत मला अर्धंच पटतं. डेझी चेन म्हणजे एकाच अडॅप्टरची वीज अनेक पेडलांना वाटणारी वायर. ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारे पेडल) अशी ॲनालॉग मंडळी एका अडॅप्टरवर सुखाने नांदतात. साधा डिस्टॉर्शन पेडल जेमतेम काही मिलिअँपिअर खातो. पण त्याच साखळीत डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब (प्रतिध्वनी किंवा घुमारा देणारा पेडल) जोडला, की अनेकदा अँप्लिफायरमधून बारीक शिट्टी ऐकू येऊ लागते आणि गेन (सिग्नलची ताकद) वाढवला की ती अंगावर येते. ग्राउंड (विजेची परतीची तार) सामाईक असल्याने डिजिटल सर्किटचा आवाज बाकीच्या पेडलांत झिरपतो. यावर लगेच महागडा आयसोलेटेड सप्लाय (प्रत्येक पेडलला स्वतंत्र वीज देणारा) घ्यायची गरज नाही. डिजिटल पेडलला वेगळा ९ व्होल्टचा अडॅप्टर द्या, बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागतं.

आणखी एक, जे इथे कुणी लिहिलं नाही. घरात पडलेला राउटरचा अडॅप्टर कृपा करून लावू नका! तो बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि पिनच्या आत प्लस असतो. बहुतेक पेडलांना आत मायनस लागतो. प्लग तंतोतंत बसतो, म्हणूनच घात होतो. शंका असेल तर मल्टिमीटरची लाल तार आतल्या छिद्राला आणि काळी बाहेरच्या नळीला लावा. आकड्याआधी मायनस दिसला तर पोलॅरिटी (प्लस-मायनसची जागा) बरोबर. मिलिअँपिअर लागतात त्यापेक्षा जास्त असले तरी बिघडत नाही, पेडल हवे तेवढेच घेतो. व्होल्ट मात्र पेडलवर छापलेत तेवढेच हवेत.