प्रोबायोटिक थेंबांबद्दल थोडी भर

अपुऱ्या दिवसांच्या प्रत्येक बाळाला प्रोबायोटिक थेंब, म्हणजे उपयुक्त जिवंत जिवाणू असलेले थेंब द्यावेत, असं काही जण सांगतात. सरसकट नको, असं मला वाटतं.

आईच्या दुधातल्या काही शर्करा बाळाला पचतच नाहीत. त्या असतात आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरियांसाठी. हे जिवाणू त्या खाऊन आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात घातक जिवाणूंना डोकं वर काढता येत नाही. किती विलक्षण सोय आहे ही! पण ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला बऱ्याचदा लगेच अँटिबायोटिक्स सुरू होतात, दूध नळीने जातं, आणि आतड्यात एनआयसीयूतलेच (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातलेच) जिवाणू आधी ठाण मांडतात. अस्तरही कच्चं. त्यातून एनईसी, म्हणजे आतड्याचा भाग सुजून मृत होण्याचा आजार ओढवू शकतो. पोट फुगणं, हिरवी उलटी, शीतून रक्त ही त्याची लक्षणं.

प्रोबायोटिकने हा धोका कमी होतो, असं अनेक चाचण्यांत दिसलंय. पण तेच जिवाणू रक्तात उतरले तर सेप्सिस, म्हणजे शरीरभर पसरणारा जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. अशा एका बाळाच्या मृत्यूनंतर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने इशारा दिला होता. म्हणून कृपया परस्पर देऊ नका, नवजात शिशुतज्ज्ञांना ठरवू द्या. आईचं दूध मात्र थेंबभर निघालं तरी द्या. तेही नसेल तर दूधपेढीचं, म्हणजे इतर मातांनी दान केलेलं दूध मिळेल का, हे पहिल्याच दिवशी विचारा.