रायफलचा लाकडी स्टॉक आणि आपला पाऊस
नीट बेडिंग केलेला (म्हणजे रायफलची ॲक्शन, गोळी भरून झाडणारा भाग, इपॉक्सीनं लाकडात घट्ट बसवलेला) लाकडी स्टॉक, म्हणजे दस्ता, ॲल्युमिनियमच्या चॅसीइतकाच अचूक, असं वर एका दादांनी लिहिलंय. कोरड्या हवेत ते पटतं. पण दादा, तुम्ही अथणीकडचे, तिकडे हवा कोरडी. आमच्या बेळगावच्या खानापुरात जुलैत लाकूड फुगतं. माझ्या अक्रोडाच्या स्टॉकला इपॉक्सी बेडिंग, स्क्रू टॉर्क पान्यानं मोजून आवळलेले, तरी गोळ्या डावीकडे सरकत गेल्या. बॅरल आणि लाकडाच्या मधून कागदाची पट्टी ओढली तर पुढच्या टोकाला अडकली, म्हणजे लाकूड बॅरलला टेकलेलं! उन्हाळ्यात तीच सरळ निघायची. बेडिंग ॲक्शनला धरतं, पुढचं लाकूड वाकायचं ते वाकतंच.

ॲल्युमिनियम दमटपणानं फुगत नाही, म्हणून मी चॅसी घेतली. वजन वाढलं, ते चालतं. लाकूडच हवं असेल तर लॅमिनेटेड (पातळ थर चिकटवून केलेलं) घ्या, बॅरलची खाच आतूनही सील करा, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला ती पट्टी ओढून बघाच.