मूकपटांची रिळं घरात साठवण्यात काय हशील?

सातरस्ता: जुळे सोलापुरात एका ओळखीच्यांकडे चॅप्लिनच्या मूकपटांची 8 एमएमची (घरी दाखवायच्या अरुंद फिल्मची) रिळं पाहिली. कपाटभर डबे, आणि प्रोजेक्टरचा बल्ब गेलेला! तेच चित्रपट मोबाइलवर फुकट दिसतात, तेही स्वच्छ. ही हौस विनोदाची नाही, मालकीची आहे.

रीळवेडा: असेना का मालकीची. स्टुडिओंनी जुन्या नायट्रेट फिल्म (चटकन पेट घेणाऱ्या) चांदी काढायला वितळवल्या, उरलेल्या आगीत गेल्या किंवा सडल्या. चॅप्लिनचा 1914 चा 'अ थीफ कॅचर' हरवलाच असं धरलं होतं. मिशिगनमध्ये जुन्या वस्तूंच्या विक्रीत एका संग्राहकानं 16 एमएमचं रीळ उचललं, कीस्टोन कंपनीची एखादी किरकोळ कॉमेडी असेल म्हणून. लावून पाहतो तर पोलिसाच्या वेषात चॅप्लिन! 2010 साली ही बातमी जगाला कळली. आपल्याकडे असे हौशी असते तर इतके मूकपट गेले नसते.

सातरस्ता: तो एक सापडला. तुमच्या कपाटात काय आहे? घरगुती बाजारासाठी काढलेल्या प्रतीच ना? त्यानं काय वाचणार?

रीळवेडा: वेग वाचतो. कमी वेगानं टिपलेले बरेच जुने पट मोबाइलवर सेकंदाला 24 चौकटींनी (फ्रेमनी) पळवतात, माणसं नुसती टुणटुण उडतात. प्रोजेक्टरवर वेग कमी केला की मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटनचं ते थंड थांबणं दिसतं, आणि हसू तिथंच फुटतं.

सातरस्ता: अहो, पण कीस्टोनवाल्या मॅक सेनेटची माणसं कॅमेऱ्याचा दांडाच मुद्दाम हळू फिरवायची, पडद्यावर पळापळ जोरात दिसावी म्हणून. तुम्ही वेग उतरवला की त्यांच्याच विनोदावर पाणी.

रीळवेडा: पाठलागापुरतं मान्य. सगळा चित्रपट म्हणजे पाठलाग नव्हे.

उन्हाळी: भांडा निवांत, पण आधी डबे उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस आला तर ॲसिटेट, म्हणजे फिल्मची पट्टीच, सडायला लागलंय. मग रीळ आक्रसतं, कुरळं होतं, प्रोजेक्टरच्या गेटमध्ये (फिल्म सरकते त्या फटीत) अडकतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि लोक डबे ठेवतात पत्र्याच्या खोलीत! वास येणारं रीळ आधी वेगळं काढा, त्याच्या वाफेनं शेजारचंही खराब होतं.

सातरस्ता: म्हणजे माझाच मुद्दा. द्या ना पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला.

रीळवेडा: चॅप्लिनची घरगुती प्रत ते कशाला घेतील? तळघरातल्या थंड खोलीत हलवतो आता. आणि कुणाकडे जुना बल्ब पडून असेल तर सांगा, रोख देतो.